डीव्हीडी ड्राईव्ह गेला म्हणून लॅपटॉप भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, संपला आणि तेव्हापासून बघतेय, लोक चांगले चालू लॅपटॉप मातीमोल भावाने विकतायत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे जवळपास सगळेच बाद. मग माणूस दुकानात जाऊन विचारतो की विंडोजऐवजी दुसरी सिस्टीम टाकून मिळेल का, तर सरळ सांगतात, याचा डीव्हीडी ड्राईव्ह बंद पडलाय, आता यात काही होत नाही, एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवीन घ्या. हे साफ चुकीचं आहे आणि मला याचा खरंच संताप येतो, कारण घरात बारावीचं पोर असलं की आईबाप कर्ज काढून नवीन मशीन आणतात.

डीव्हीडी ड्राईव्हची गरजच नाही हो! आठ जीबीचा पेनड्राईव्ह पुरतो. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट आणि कायदेशीर सिस्टीम आहे, तिच्या साइटवरून आयएसओ फाईल (अख्खी सिस्टीम एकाच फाईलमध्ये) उतरवायची, तीन जीबीच्या आसपास असते, दुसऱ्या कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर उतरवली तरी चालेल. जुन्या मशीनला एक्सएफसीई नावाची आवृत्ती घ्या, ती हलकी आहे, चार जीबी रॅमवर नीट चालते. आता बरेच जण इथेच अडकतात, ती फाईल पेनड्राईव्हवर नुसती कॉपी पेस्ट करतात आणि मग लॅपटॉप काही त्यावरून सुरू होत नाही. ती रुफस नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅमने पेनड्राईव्हवर लिहावी लागते, आणि लिहिताना पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो वगैरे असतील तर आधी काढून घ्या.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करून पेनड्राईव्ह लावायचा आणि चालू करताक्षणी बूट मेनूचं (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीचं) बटण टकटक दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. एसरला पण एफ १२ च, पण त्यात कधीकधी आधी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. छोटी यादी येते, त्यात हार्ड डिस्कचं नाव आणि खाली पेनड्राईव्हच्या कंपनीचं नाव दिसतं, ते निवडून एंटर. सिस्टीम थेट पेनड्राईव्हवरूनच सुरू होते, लॅपटॉपमधलं काहीही पुसलं जात नाही, आणि हेच मला सगळ्यात आवडतं, कारण आवाज येतोय का, वायफाय लागतंय का, कीबोर्ड चालतोय का हे सगळं इन्स्टॉल करण्याआधीच बघून घेता येतं. काही जुन्या वायफाय कार्डांना ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आधीपासून नसतो, तेव्हा घाबरू नका, मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून ड्रायव्हर टाकून घ्या.

सगळं जमतंय म्हटल्यावर मगच डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलवर क्लिक करा. तिथे पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय असतो, तो निवडला की जुन्या फायली गेल्याच, म्हणून बॅकअप आधी घ्या, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. आणि शक्य असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवा, तोच लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. बंद पडलेल्या डीव्हीडी ड्राईव्हच्या जागी बसणारी कॅडी, म्हणजे डिस्क ठेवायची चौकट, मिळते, तिच्यात जुनी डिस्क बसवली की साठवणीलाही जागा झाली.

टॅलीवर धंदा असेल किंवा श्रीलिपीत डीटीपी करत असाल तर विंडोजच ठेवा, तिथे लिनक्सचा आग्रह मी धरणार नाही. पण अभ्यास, यूट्यूब, ऑनलाईन फॉर्म, मराठी टायपिंग, लिब्रे ऑफिसमध्ये पत्रं आणि हिशेब, एवढ्याच कामाला ज्यांना लॅपटॉप लागतो त्यांनी तो भंगारात घालायचं काहीच कारण नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. केरळात तर सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतायत, आपल्याकडे शाळांच्या कपाटात जुनी मशीन धूळ खात पडलेली असतात.

माझी विनंती एवढीच की आपल्या शैक्षणिक पानावर ही माहिती बूट मेनूच्या फोटोंसकट एकदा सविस्तर छापा, आणि सार्वजनिक वाचनालयांनी असा तयार पेनड्राईव्ह पुस्तकासारखा सभासदांना घरी न्यायला द्यावा.

आपली नम्र,
एक वाचक, कराड