आरोग्यमंत्री महोदय, ॲप नंतर. आधी साधा मेसेज

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिगारेट-बिडी सोडवण्यासाठी मोबाइल वापरायचा म्हटलं की बैठकीत पहिली सूचना ॲपची येते. ॲपचं उद्घाटन करता येतं, एसएमएसचं कसं करणार? पुरावा मात्र एसएमएसच्या बाजूने आहे. २०१९ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. मेसेजमुळे व्यसन सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, असं त्यात दिसलं. ॲपबद्दल तसं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.

ब्रिटनमधल्या सुमारे ५,८०० जणांवरच्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज, पुढे सहा महिने आठवड्याला तीन. सहा महिन्यांनी लाळ तपासली, तेव्हा मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. ज्यांना सोडण्याविषयीचे मेसेज गेले नव्हते, त्यांच्यापैकी ४.९ टक्के. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांना जमलं नाही, हे जाहिरातीत लपवू नका. पण इतक्या स्वस्त उपायाने प्रमाण दुप्पट होत असेल, तर अडलंय कुठे?

त्या योजनेतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. तलफ आली की ठरलेला एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. एखादी सिगारेट ओढली गेली, तर त्यासाठीही वेगळा शब्द होता. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, पण तेवढी मिनिटंच भारी पडतात. आणि समुपदेशन केंद्र रात्री अकराला उघडं नसतं. फोन मात्र खिशात असतो, बऱ्याचदा सिगारेटच्या पाकिटाशेजारीच. म्हणून फक्त उपदेश पाठवणारी सेवा नको, उत्तर देणारी हवी. चुकलेल्याला झापणारी तर नकोच.

नोंदणी मिस्ड कॉलवर होऊ शकते. भारताने २०१६ मध्ये तशी सेवा सुरू केली होती. साध्या फोनवरही ती चालावी आणि मेसेज दोन्हीकडून मोफत असावेत. मजकूर लिहिताना सिगारेट सोडलेल्यांना सोबत बसवा. ज्याला मेसेज पुरत नाही, त्याला निकोटिनचं च्युइंगम, पॅच किंवा समुपदेशकाचा फोन मिळावा. आणि हे नंबर विमा कंपन्यांच्या हाती पडणार नाहीत, अशी लेखी हमी द्या. त्याशिवाय मी तरी कुणाला नोंदणी करायला सांगणार नाही.

वर्षअखेरीस किती मेसेज गेले ते सांगू नका. सहा महिन्यांनंतर कितीजण सिगारेटशिवाय आहेत, तो आकडा सभागृहात मांडा.

आपला,
एक नागरिक