बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा वैतागून म्हणाले, "इतके डॉल्फिन मोजून शेवटी 'अमुक ते तमुक' असंच सांगणार असाल, तर मोजता कशाला?" तेव्हा आवाज तुटत होता. म्हटलं, लिहूनच कळवावं.

समुद्रातले सगळे डॉल्फिन मोजता येतच नाहीत. बराच वेळ ते पाण्याखाली असतात, श्वासापुरते वर येतात. मघाचा तोच हा की दुसरा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून कॅमेरा. पाठीवरच्या पराची मागची कड पातळ असते. आपसांतल्या मारामारीत, जाळ्यात अडकून ती फाटते. दातांचे ओरखडे कालांतराने पुसट होतात, त्यांच्यावर भिस्त ठेवायची नाही. खाचा मात्र वर्षानुवर्षं तशाच राहतात. टोकाखाली दोन बारीक खाचा आणि त्यांच्या खाली चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेला, असा पर एकदा पाहिला की पुन्हा ओळखू येतो.

आता हिशेब. समजा, पहिल्या फेरीत ४० डॉल्फिन ओळखले. दुसऱ्या फेरीत ३० दिसले, त्यांतले १२ आधीचेच. म्हणजे शेकडा चाळीस ओळखीचे. मग आपले पहिले ४० हेही एकूण संख्येच्या शेकडा चाळीस असणार, म्हणून अंदाज १००. पण हे फक्त खुणावाले. पिल्लांचे पर तर बहुधा कोरेच असतात. खुणावाले शेकडा साठ निघाले, तर १०० चे १६७ होतात.

खरी मेख पुढेच आहे. काही डॉल्फिन होडी दिसली की जवळ येतात, काही चार हात लांब राहतात. तेच ते धीट पुन्हापुन्हा फोटोत आले की ओळखीचे वाढतात आणि अंदाज खाली घसरतो. उलट, अंधुक फोटोमुळे जुन्यालाच नवा समजलं तर आकडा फुगतो. म्हणून अंधुक फोटो सरळ बाद, आणि जुळवणी दोघांनी एकमेकांना न विचारता करायची. आई, "रात्री-रात्री डोळे फोडत बसतेस" म्हणून तू रागावतेस ना, ते हेच काम.

तर बाबा, 'अमुक ते तमुक' यामुळे. आणि कामाला येतो तो खालच्या बाजूचा आकडा. अमेरिकेने १९९४ मध्ये कायद्यात आणलेलं एक सूत्र आहे: सावध किमान अंदाज घ्या, त्याला वाढीच्या कमाल वेगाच्या निम्म्याने गुणा (डॉल्फिनसाठी सहसा वर्षाला ४ टक्के धरतात, म्हणून २ टक्के), आणि त्यांची स्थिती नक्की माहीत नसेल तर पुन्हा अर्धं करा. किमान १०० असतील तर उत्तर येतं १. वर्षभरात माणसाच्या हातून, जाळ्यांत वगैरे धरून, याहून जास्त मरता कामा नयेत. अंदाज फुगवून सांगितला तर ही मर्यादाही फुगते आणि मरतात डॉल्फिन.

नुसत्या मोजण्याने कुणी वाचत नाही, हेही खरंच. मेक्सिकोतला व्हाकिटा हा डॉल्फिनांचा छोटा नातलग १९९७ च्या पाहणीत सुमारे ५६७ होता, २००८ मध्ये २४५ च्या आसपास, २०१५ मध्ये ६० च्या. आकडे वेळेवर आले होते, जाळी थांबली नाहीत. आता जेमतेम दहाच्या घरात उरलेत.

अहवालाचा कच्चा मसुदा पाठवते. प्रस्तावना सोडून द्या, बाबा, तक्ते तेवढे तपासा. बेरीज चुकली असेल तर तुम्हालाच आधी दिसेल. आणि गुडघ्याच्या गोळ्या दोघांनीही चुकवू नका.

तुमची लेक