लढाई वाटेत आडवी आली

अलिबाग

चि. मुक्ता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. झाशीच्या वेढ्यावर लिहिताना तू इंग्रज सेनापती सर ह्यू रोज यांचे खलिते, म्हणजे लढाईचे सरकारी अहवाल, पलटणींच्या नोंदी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणी आधाराला घेतल्यास आणि १८५७ च्या बंडात सापडलेल्या विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’ हे प्रवासवर्णन मात्र एका तळटीपेत आटोपलास. त्यातल्या तारखा जुळत नाहीत आणि ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिलेले आहे, ही तू दिलेली दोन्ही कारणे खरी आहेत. तरीही तळटीपेवर भागणार नाही असे मला मनापासून वाटते. का वाटते ते फोनवर धड सांगता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गोडसे हे आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे. भिक्षुकीवर चालणारे घर, डोक्यावर कर्ज आणि वय तिशीच्या आसपास. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत, असे त्यांच्या कानावर आले. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल आणि तीर्थयात्रा घडेल, अशा हिशेबाने १८५७ च्या आरंभी ते रामभटकाकांना बरोबर घेऊन निघाले. आई-वडिलांचा जीव घाबरा झाला होता, पण घराची ओढाताण त्यांनाही दिसत होती. हे निघण्याचे प्रकरण आधी सावकाश वाच. त्यात लढाईचा मागमूसही नाही. आहे तो संसाराचा पेच, आणि तो इतक्या बारकाईने मांडलेला आहे की पुढे तोफा सुरू झाल्यावरही हा माणूस कशासाठी घराबाहेर पडला आहे, याचा वाचकाला विसर पडत नाही.

सातपुड्याच्या वाटेवर त्यांना दोन शिपाई भेटतात आणि पुढे दंगा उसळणार आहे, मागे फिरा, असे बजावतात. काडतुसांची गोष्टही तिथेच कानावर पडते. काका-पुतणे विचार करतात आणि पुढे जातात. खलित्यांत असा प्रसंग तुला सापडणार नाही, कारण खलिता लिहिणारा माणूस लढाईसाठीच नेमलेला असतो आणि तिच्याकडे जाणे हे त्याचे काम असते. गोडसे यांच्या वाटेत लढाई आडवी आली. मागे फिरावे तर कर्ज तसेच राहते, पुढे जावे तर जिवाची शाश्वती नाही, आणि यांतले काहीही निवडले तरी घरी तोंड दाखवायचे आहे. युद्धाच्या काळात बहुसंख्य माणसे अशाच पेचात सापडतात, असे मला आयुष्यभर मराठी शिकवताना आणि वाचताना दिसत आले.

आता झाशी. २१ मार्च १८५८ ला रोज यांची फौज शहराबाहेर आली, १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांच्या सैन्याचा मोड झाला, ३ एप्रिलला तटावर चढाई झाली आणि दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. हे सारे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. पण गोडसे त्या वेळी शहरात होते. शहर पडल्यावर झालेल्या कत्तलीला ते ‘बिजन’ म्हणतात, आणि त्यानंतरच्या लुटीचे वर्णन ज्या क्रमाने करतात त्याकडे तुझे लक्ष वेधायचे आहे. आधी सोने, रुपे आणि रोकड गेली. मग तांब्यापितळेची भांडी गेली. मग कपडे गेले. मग धान्य गेले. लुटणारे बदलत गेले आणि घरातली वस्तूही दरवेळी उतरत्या मोलाची होत गेली. संसार मांडताना माणूस ज्या वस्तू एकेक करून जमवतो, त्या कशा नाहीशा झाल्या याची ही मोजदाद आहे. ती एका भिक्षुकाने ठेवली, कारण तांब्या, धोतर आणि शिधा यांचे मोल त्याला ठाऊक होते. शहर ताब्यात आले एवढे एक वाक्य खलित्याला पुरते. शहर रिकामे कसे झाले ते जाणून घ्यायला गोडसे यांच्याकडेच जावे लागते.

झाशीच्या ग्रंथालयावर त्यांनी लिहिले आहे, तेही असेच. काशीचे पंडितसुद्धा तिथून पोथ्यांच्या प्रती करून नेत, असा तो संग्रह होता, आणि पोथ्या फाडून बाहेर भिरकावल्या गेल्या तेव्हा त्यांना झालेले दुःख पानावर स्पष्ट दिसते. शेकडो माणसे मेली त्या शहरात पोथ्यांचे दुःख करावे का, असा प्रश्न तू विचारशील. मलाही तो पडला होता. पण ज्याचे आयुष्य पाठांतरावर आणि पोथीवर उभे आहे, त्याच्या जगाचा तोही एक वध होता आणि तो त्याने लपवला नाही. साक्षीदार कोण आहे हे त्याच्या शोकावरूनच कळते.

तारखांविषयी म्हणशील तर गोडसे यांच्या तारखा चुकतात, ऐकीव गोष्टी ते पाहिल्यासारख्या सांगतात, राजांना बोलावून सरकारने धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे वाचून दाखवली अशी बातमीही ते निःशंकपणे देतात. ही कलमे कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत. तरीही त्या काळी बाजारात, धर्मशाळेत आणि छावणीत जे बोलले जात होते ते इथे जसेच्या तसे उतरले आहे, आणि माणसे दप्तर वाचून बंड करीत नाहीत, कानावर आलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून करतात. तेव्हा कलमे खोटी म्हणून बाजूला ठेवताना त्यांच्यावर बसलेला लोकांचा विश्वास मात्र खरा होता, हे तुला कुठेतरी नोंदवावे लागेल. इथे तळटीप अपुरी पडते.

आठवणीचाही एक न्याय आहे. पंचवीस वर्षांत महिना-तिथी पुसट होतात, पण कोणी पाणी दिले, कोणी दारातून हाकलले, कुठे उपाशी निजलो, हे राहते. राणीची आणि त्यांची गाठ काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी पडली, तो प्रसंग तू शाळेत असताना मी तुला वाचून दाखवला होता. राणी तहानलेली आहे, हा ब्राह्मण तिच्यासाठी पाणी काढायला सरसावतो, ती त्याला थांबवते आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. मग ती म्हणते की मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला या उद्योगाची गरज नव्हती. पुतळ्यांतली राणी घोड्यावर असते. इथे ती धुळीने माखलेली, हरलेली आणि आपल्या निवडीचा विचार करणारी बाई आहे. शब्द तंतोतंत तेच होते का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण पाणी कोणी काढायचे यावरून दोघांत झालेला तो क्षणभराचा संकोच नुसत्या कल्पनेतून सुचला असेल, असे मला वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळग. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी हे लिहिले, पण ते छापले गेले त्यांच्या निधनानंतर, १९०७ मध्ये, आणि वैद्यांनी त्यावर बराच हात फिरवलेला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. तू उतारे वैद्यांच्या आवृत्तीतून घेतले आहेस. ते पोतदारांच्या पाठाशी ताडून पाहा. सरकारची भीती असलेल्या काळात काय गाळले गेले आणि काय सजवले गेले, यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल.

गोडसे यांचीही दृष्टी सर्वदूर जात नाही, हे मी विसरत नाही. गाडीवान, भिस्ती, भांडी घासणाऱ्या बाया, तटावर माती वाहणारे मजूर त्यांच्या लेखनात येतात ते ओझरते. झाशीच्या बायका तोफांच्या मोर्च्यांवर राबत होत्या, हे इंग्रजांनीही लिहून ठेवले आहे. त्या बायांपैकी एकीचीही कहाणी तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेली नाही. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेले सावकारी पत्र तुला पाठ आहे: मोती दोन गळाले, मोहरा सत्तावीस गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणती नाही. आपल्या इतिहासाने मोत्यांचा आणि मोहरांचा शोध पुष्कळ घेतला. खुर्द्याचा, म्हणजे साध्या माणसांचा, हिशेब लागतो तो बहुधा एखाद्या प्रवासवर्णनात, आत्मकथनात किंवा कादंबरीत, आणि तोही अपुराच.

पानिपताचीच गोष्ट घे. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर तीर्थयात्रेच्या ओढीने कितीतरी कुटुंबे उत्तरेत गेली होती. मोठ्या सैन्याची सोबत मिळते, तेवढ्यात काशी-प्रयाग घडेल, असा त्यांचा साधा विचार होता. पुढे ज्यांना नाना फडणीस म्हणून सारा हिंदुस्थान ओळखू लागला, ते त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे होते आणि आई व पत्नी यांच्यासह त्या गर्दीत होते. १४ जानेवारी १७६१ नंतर अंगावरची वस्त्रे टाकून, ओळख लपवत, पायी ते कसे निसटले, हे त्यांनी आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहिले आहे. पत्नी वाचली, आई परतली नाही. राज्याचा कारभार हाकणाऱ्या या मुत्सद्द्याने हजारो पत्रे लिहिली, पण आई गमावलेल्या त्या मुलाची ही काही पाने मला त्या साऱ्या पत्रव्यवहाराहून जवळची वाटतात.

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ तू कॉलेजात वाचलीस, पण आता पुन्हा वाच. १९३९ ची कादंबरी, नाव ‘रणांगण’, आणि तिच्यात एकही लढाई नाही. युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट आहे, तिच्यावर स्वदेशी परतणारा चक्रधर आहे आणि जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी आहे. तो मुंबईला उतरतो, कारण त्याला उतरायला बंदर आहे. ती बोटीवरच पुढे पूर्वेकडे जाते, कारण तिला आपले म्हणावे असे बंदर उरलेले नाही. दोघे त्याच डेकवर उभे राहतात, तेच जेवण जेवतात, आणि एकाच्या खिशातला पासपोर्ट त्याला घरी नेतो तर दुसरीचा तिला कुठेच नेत नाही. महायुद्धाला तोंड फुटण्याच्या सुमारास मराठीत हे लिहिले गेले याचा मला फार अभिमान वाटतो. बातम्यांत निर्वासितांचे लोंढे दिसतात तेव्हा मला हॅर्टा आठवते, कारण तिला या कादंबरीने लोंढ्यातून बाहेर काढून नाव दिले.

आणि आता जे लिहिले गेले नाही त्याविषयी. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा तू पाहिला आहेस. पळसगावचा हा तरुण मराठा पलटणीबरोबर इटलीत गेला आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्याबरोबर आणि त्याच्याआधी कोकणातून, साताऱ्याकडून किती पोरे बोटीने परमुलखात गेली, त्यांतली काही पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपाशी राहिली. वरसईचा भिक्षुक लिहू-वाचू शकत होता, म्हणून त्याचा प्रवास आपल्याकडे आहे. या पोरांतल्या बहुतेकांना ती सोय नव्हती. जे परतले ते शेतीला लागले, पेन्शनीसाठी तालुक्याला खेटे घालत राहिले, आणि बर्फ पाहिला, गोऱ्यांच्या देशात द्राक्षांचे मळे पाहिले, एवढेच नातवंडांना सांगून गेले. आपल्याच मुलखातून झालेले हे प्रवास, आणि त्यांतला एकच पुस्तक होऊन राहिला, याची मला फार खंत आहे.

गोडसे शेवटी घरी परततात तेव्हा त्यांच्या हाती काय असते, हे पाहा. मिळवलेले द्रव्य वाटेत पुनःपुन्हा लुटले गेले आहे. काशीची गंगा मात्र त्यांनी कावडीतून आणली आहे, आणि तिने ते आई-वडिलांना स्नान घालतात. बंड मोडले, राज्ये बुडाली, बादशाह रंगूनला गेला. वरसईच्या त्या घरात मात्र मुलगा जिवंत आला आणि गंगा आली, हीच त्या दोन-तीन वर्षांची फलश्रुती ठरली. लेखकानेही पुस्तकाचा शेवट तिथेच केला, दिल्लीत किंवा झाशीत केला नाही.

तेव्हा माझे सांगणे एवढेच की प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लुटीचा भाग गोडसे यांच्या क्रमाने लिही आणि रोज यांचा खलिता त्याच्या शेजारी ठेव. दोन्हींत विरोध दिसेल तिथे तो मिटवू नकोस. पोतदारांची आवृत्ती माझ्या कपाटात आहे, ती उद्या कुरिअरने पाठवते. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस, पण माझे जिथे पटणार नाही तिथे शेजारी तुझे म्हणणे लिही. ‘रणांगण’ची प्रत तुझ्या मावशीकडे आहे, ती तिच्याकडून मागून घे. प्रकरण लिहून झाले की मार्गदर्शकांकडे देण्याआधी मला एकदा वाचायला पाठव.

तुझी,
आई