मालकाचा वकील नोटिशीआधी भेटावा

संपादक महोदय,

‘मालकांची बाजू घेणारे वकील म्हणजे कामगारांच्या पोटावर पाय देणारे’ अशा आशयाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी मालक आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझं चौदा माणसांचं मशीनशॉप आहे, आणि मला भेटलेला वकील वेगळा होता.

२०१८ ची गोष्ट. बनवून दिलेले भाग रिजेक्ट होऊन परत आले, टर्नरशी (लेथ चालवणाऱ्या कामगाराशी) तोंडातोंडी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी वॉचमनला सांगितलं, याला आत सोडू नको. पत्र नाही, चौकशी नाही. दोन महिन्यांत लेबर कोर्टाची नोटीस आली, तेव्हा कुठे मी वकील शोधला. कंपन्यांच्याच केसेस चालवण्यात केस पिकलेले गृहस्थ.

मला वाटलं, आता हे त्या पोराला आडवा करतील. त्यांनी आधी हजेरीपट मागितला. कपातीची नोटीस आणि भरपाई मिळायला कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरावे लागतात. मी म्हटलं, “साहेब, याचे २४० दिवस भरत नाहीत. मोजून आलोय, २१३ आहेत.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिलीने मागच्या बारा महिन्यांतले रविवार मोजायला घेतले. पोरगा महिन्याच्या पगारावर, म्हणजे रविवारही पगारी. ते दिवस धरायचे असतात, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. आकडा २६० च्या पुढे गेला.

मग माझीच उलटतपासणी. कपात, म्हणजे दोष नसताना माणूस कमी केला म्हणता, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तोही काढतानाच दिला का? गैरवर्तन म्हणता, तर चार्जशीट कुठे, चौकशी कुठे? राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अशा घाईच्या बडतर्फीला अनुचित कामगार प्रथा म्हणतात. “मी उभा राहीन,” ते म्हणाले, “पण चूक तुमची आहे, आणि ते जज्जसाहेबांना मी न सांगताही दिसेल.” तडजोड त्यांनीच घडवली. पैसे गेले, शहाणपण आलं. तो टर्नर आता सातपूरला आहे. पपया नर्सरीच्या सिग्नलला दिसला तर हात करतो.

कामगार थकून घरी बसावा म्हणून तारखांवर तारखा घेणारे वकीलही आहेत. पत्रलेखकाचा राग त्यांच्यावर असेल तर माझी काही तक्रार नाही. पण त्यांना तारखा घ्यायला सांगणारे आम्हीच असतो ना?

जीएसटीसाठी आम्ही दर महिन्याला सीएकडे जातो. माणूस काढताना मात्र कोणाला विचारत नाही. नेमणूकपत्र तर निम्म्या शेडमध्ये कोणी पाहिलेलंही नसेल. नव्या श्रम संहितांवर, म्हणजे नव्या कामगार कायद्यांवर, व्याख्यानं होतात, तिथे मोठ्या कंपन्यांचे एचआरवाले दिसतात. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी आमच्यासारख्यांना हजेरीपट, पगारपत्रकं घेऊन वकिलासमोर एक दुपार बसवावं.

एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक
(नाव छापू नये, ही विनंती.)