नंदीचा संदेश काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला साठीनंतरच्या ध्येयाबद्दलचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. मी उत्तर आज, सोमवारी लिहिते आहे. काल लिहिले असते तर ते तुम्हाला छापता आले नसते.

हेतू नसेल तर माणसाने सकाळी उठावे तरी कशाला, असे लेखक विचारतात. मला रोज पहाटे जाग येते, ती काही कारण विचारून येत नाही. उठते, खिडकी उघडते, समोरच्या गच्चीवरचे पारवे बघते. यातून समाजाला काय मिळाले म्हणाल, तर काही नाही.

लेखासोबत चार वर्तुळांची आकृती आहे आणि खाली 'प्राचीन जपानी इकिगाई' (म्हणजे जगण्याचे कारण) असे छापले आहे. ती आकृती जपानी नाही आणि प्राचीन तर अजिबात नाही. मूळ आकृती स्पेनमधल्या एका ज्योतिष्याची, मधोमध 'हेतू' असे लिहिलेली. २०१४ साली एका इंग्रज ब्लॉगलेखकाने तो शब्द काढून तिथे इकिगाई लिहिले, आणि तेव्हापासून ती व्यवस्थापनाच्या शिबिरांतून फिरते आहे. चारपैकी एक वर्तुळ 'ज्याचे पैसे मिळतात ते' असे आहे. साठीनंतर ते कशाने भरायचे, हे लेखकाने सांगितले असते तर उपकार झाले असते.

पण मला खरे बोचले ते त्यांचे संस्कृत. जन्मभर तोच विषय शिकवला, त्यामुळे गप्प बसवत नाही. "प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते", प्रयोजनाशिवाय मठ्ठ माणूससुद्धा हातपाय हलवत नाही, हे वचन त्यांनी शेवटचा शब्द म्हणून दिले आहे. हाच आक्षेप वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात येतो: "न प्रयोजनवत्त्वात्". ब्रह्माला काही मिळवायचे नाही, मग ते सृष्टी कशाला निर्माण करील? हा पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडलेला आक्षेप. लगेच पुढचे सूत्र त्याचे उत्तर देते: "लोकवत्तु लीलाकैवल्यम्". ही नुसती लीला आहे, लोकांतही असे दिसतेच. शंकराचार्य भाष्यात ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत अशा राजाच्या खेळण्याविहरण्याचे उदाहरण देतात, आणि श्वासाचे. आपण श्वास घेतो-सोडतो ते बाहेरचे काही प्रयोजन मनात धरून नव्हे, तो स्वभाव आहे म्हणून. पूर्वपक्ष वाचून पुस्तक मिटले की असे लेख लिहून होतात. (आमच्या गल्लीत हल्ली श्वास घेण्याचाही वर्ग चालतो आणि त्याची फी आगाऊ भरावी लागते. आचार्यांना दुसरे उदाहरण शोधावे लागले असते.)

असो. हे सगळे मी सोडूनही दिले असते. पण लेखातले एक वाक्य वाचून तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, आठवला आणि डोके पुन्हा तापले. "लहानपणापासूनच मुलांच्या प्रत्येक कृतीला उद्दिष्टाची जोड द्यावी." साहेब, दिली आहे. जोड देऊन झाली आहे.

आमच्या घरचा नंदी, म्हणजे पोळ्यातला चाकांचा लाकडी बैल, माझ्या सासऱ्यांच्या लहानपणचा. सागवानी, वीतभर उंच. एक कान केव्हाचा तुटला आहे. पुढचे डावे चाक मागाहून बसवलेले आणि जरासे मोठे आहे, त्यामुळे नंदी सरळ चालत नाही, उजवीकडे ओढ घेत टकटक करत जातो. नातवाला ते फार आवडते. यंदा त्याने तो स्वतः रंगवला, निळा. लोखंडी कपाटाला रंग दिला होता त्यातला उरलेला डबा घरात होता. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर माझ्या जुन्या इरकलीच्या काठाची झूल. रंग नीट वाळला नव्हता, म्हणून झुलीलाही एका कडेने निळा डाग पडला. त्याच हाताने पोराने जेवताना कपाळावरचे केस मागे सारले. तो दिवसभर तसाच फिरत होता.

शाळेने (नाव लिहीत नाही, आणि एकच शाळा अशी आहे असेही नाही) मैदानावर स्पर्धा ठेवली. पत्रक आले: सजावट दहा गुण, वेशभूषा दहा गुण, सामाजिक संदेश वीस गुण. एका नंदीच्या पाठीवर 'पाणी वाचवा', दुसऱ्याच्या पोटावर 'प्लास्टिक टाळा', तिसऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट घातलेला बैल मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरे सांगायचे तर तो मला आवडला. परीक्षक आमच्यापाशी आले.

"बेटा, तुझ्या नंदीचा मेसेज काय?"

"काही नाही, सर."

"असं कसं? काहीतरी असेल ना?"

"तो निळा आहे."

"हो, पण निळा काऊन?"

"घरी डब्बा तोच होता."

परीक्षक हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, थोडं तयार करून आणायचं ना पोराला. वीस मार्क होते."

बक्षीस मिळाले नाही याचे मला काही नाही. पण ज्या पोराच्या डोक्यात काही खोट नव्हती, त्याला घरी येताना प्रश्न पडला की आपल्या नंदीत काय कमी होते. सोमवारी गृहपाठ आला: 'तान्ह्या पोळ्यातून मी काय शिकलो', दहा ओळी. बैल शेतकऱ्याचा मित्र आहे, इथपासून सुरुवात झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बोजाऱ्याचे, म्हणजे नंदी घेऊन दारी आलेल्या पोराला देतात ते, दहा रुपये दिले आणि वर एक चिवड्याची पुडी, हे त्याला लिहायचे होते. आईने ते लिहू दिले नाही. त्यातून शिकण्यासारखे काय, म्हणाली. सून शहाणी आहे. शाळेला काय हवे ते तिला बरोबर कळते.

आपल्या नागपुरात महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यातला तो माणसाहून उंच लाकडी नंदी आपण सगळ्यांनी लहानपणी बघितला आहे. दुसऱ्या रघुजी राजांनी हा पोळा सुरू केला असे ऐकत आलो. कशासाठी? तर मोठ्यांप्रमाणे पोरांनाही बैल मिरवता यावा म्हणून. वीस गुणांचा रकाना तेव्हा नव्हता.

आणि संदेशाचीच हौस असेल तर या गावात त्याची सोय नाही का? त्याच दिवशी इतवारीतून काळी-पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे नको ते सगळे "घेऊन जा गे मारबत" म्हणून गावाबाहेर धाडायची आपली रीत आहे. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, त्यांच्यावर वाट्टेल त्या पाट्या लावता येतात, पुढाऱ्यांपासून कांद्याच्या भावापर्यंत. संदेश तिकडे द्या, पोटभर द्या. पोरांचा निळा बैल कशाला राबवता?

मोठ्यांचे तरी काय वेगळे चालले आहे? आमच्या इमारतीच्या आवारात एक बहावा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, आणि हे झाड तेव्हाच शेंड्यापासून बुंध्याजवळच्या फांदीपर्यंत पिवळे होते. खाली उभ्या केलेल्या पांढऱ्या गाडीवर पाकळ्यांचा थर बसतो. गाडीवाल्यांनी तक्रार केली. फुलांनी काच खराब होते, पुढे हातभर लांब काळ्या शेंगा पडतात, शिवाय या झाडाचा उपयोग काय? झाड वाचवायला आम्ही अर्ज केला. 'सुंदर दिसते' एवढे लिहून भागणार नाही, असे सगळ्यांचे मत पडले. शेवटी शेंगांतला मगज आयुर्वेदात सारक म्हणून वापरतात, हे लिहिले. झाड वाचले. जुलाबाच्या पुण्याईने वाचले. ते फुलते ते भुंग्यांसाठी, परागीभवनासाठी, असे वनस्पतिशास्त्रवाले म्हणतील, आणि ते खरेच आहे. तो हेतू झाडाचा. मी खाली उभी राहते तेव्हा माझा काही नसतो, आणि त्या वेळी मला कोणी तो विचारू नये, एवढेच माझे म्हणणे.

नोकरीत असताना माझ्याकडे भरपूर हेतू होते. वेळापत्रक होते, निकाल होता, तपासणी होती. त्या दिवसांना मी नावे ठेवत नाही. पण मेघदूत शिकवताना मागच्या बाकावरची एखादी मुलगी खिडकीबाहेर ढग बघत बसली, तर तिला उठवून प्रश्न विचारायचा, ही रीत तेव्हाही मला जड जाई. परीक्षेत येणारे श्लोक वेगळे, त्यामुळे विचारावे लागे.

तुमचे लेखक 'अर्थपूर्ण छंद' सुचवतात, वही ठेवा म्हणतात, आठवड्याचा आढावा घ्या म्हणतात. आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी हे आधीच सुरू केले आहे. अंबाझरीच्या बंधाऱ्यावर उभे राहून समोर पाणी असताना मनगटाकडे बघतात आणि एकमेकांना पावले विचारतात. त्यांच्यासाठी लेख छापा, हरकत नाही. मला सोडा.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. पूर्वी तुमच्या दुसऱ्या पानावर तिथी, सूर्योदय आणि सूर्यास्त यांची छोटी चौकट असे. काही दिवसांपासून ती गायब आहे. तिच्या जागी 'आजचा सुविचार' येतो आणि त्यातही ध्येयच असते. मी संध्याकाळी फुटाळा तलावावर जाते ती सूर्य बुडताना बघायला. ही वेळ काही ठरलेली नसते. जूनअखेर सातच्या आसपास, नोव्हेंबरअखेर साडेपाचला, म्हणून चौकट बघून निघत असे. तुमच्या कार्यालयात फोन केला तर इंटरनेट आवृत्तीत बघा म्हणाले. बघितले. तिथे वेळ मुंबईची आहे. मुंबईचा सूर्य आपल्यापेक्षा साधारण पंचवीस मिनिटे उशिरा मावळतो. त्या भरवशावर गेले तर फुटाळ्यावर भुट्टेवाले आणि डास एवढेच भेटतात.

हे फोनवरच्या मुलाला सांगितले. पोरगा नम्र होता, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण काकू, तुम्हाला सूर्यास्ताची वेळ कशासाठी हवी आहे? कारण टाकावं लागतं तक्रारीत."

त्याने शेवटी काय टाकले ते मला माहीत नाही. नागपूरची वेळ छापावी. जागेची अडचण असेल तर सुविचार काढा.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
गोकुळपेठ, नागपूर