इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभागातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंधातल्या आभारांत तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. तेवढ्यावर मला समाधान मानता येईना, म्हणून हे उघड पत्र.

डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी सोलापूरकडच्या बागायतदाराला नव्या नाहीत. पाणी, खत सगळं वेळेवर असतं, तरी झाड दुपारी मान टाकतं. माती उकरली की पांढऱ्या मुळ्यांवर गाठीच गाठी. त्या मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा या सूत्रकृमीमुळे, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमीमुळे होतात, एवढं मला वाचून ठाऊक होतं. पण अर्धा मिलिमीटरही न भरणारं त्याचं पिल्लू मुळीच्या टोकाशी आत शिरून झाडाला कसं राबवून घेतं, ते तुमच्यामुळे डोळ्यांनी पाहिलं.

मुळाच्या तुकड्यात रेझिन (काप घेता यावेत म्हणून तुकडा कडक करणारा राळेसारखा पदार्थ) नीट मुरेपर्यंत तुम्ही कुणालाही पुढं जाऊ देत नव्हता. आधी जाडसर काप घेऊन, टोल्युडीन निळ्यात रंगवून, महाकाय पेशी, म्हणजे सूत्रकृमीनं आपल्या पोषणासाठी मुळात फुगवलेल्या पेशी, सापडल्याची खात्री करायची. मगच अतिसूक्ष्म काप. सुरीच्या धारेवरून सुटून पाण्यावर तरंगणाऱ्या कापाचा रंग ओळखायला तुम्ही शिकवलंत. चंदेरी दिसला तर जेमतेम ६० ते ९० नॅनोमीटर, ठेवायचा. सोनेरी म्हणजे जाड, बाजूला. चंदेरी काप तांब्याच्या जाळीवर अलगद उचलताना तुम्ही श्वाससुद्धा रोखून धरायचात.

आणि मग पडद्यावर ती पेशी आली! एकाच पेशीत कितीतरी केंद्रकं, दाट पेशीद्रव्य, आणि जलवाहिन्यांना लागून असलेल्या भित्तिकेवर आतल्या बाजूला वाढलेले वेडेवाकडे उंचवटे. त्यांच्यामुळे पेशीपटलाचं क्षेत्रफळ वाढतं आणि जलवाहिन्यांमधला रस जास्त ओढला जातो. त्या रसावर मादी गाठीत बसल्या बसल्या पोसली जाते. शेजारच्या जलवाहिन्या दबलेल्या, वाकलेल्या. दुपारी मान टाकणाऱ्या झाडाचं दुखणं मला त्या चित्रात सापडलं. संशोधनात याहून मोठा आनंद मी अजून अनुभवलेला नाही.

ते छायाचित्र मोठं छापून मी आता बागायतदारांच्या बैठकांना नेते. लोक जवळ येऊन बघतात, प्रश्न विचारतात, रोपं घेताना मुळं तपासायचं कबूल करतात. ही सगळी तुमच्या हातची कमाई आहे, काका.

पुढच्या महिन्यात आमच्या विभागातली दोन मुलं पेरूची मुळं घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांनाही सगळं असंच, सावकाश शिकवा.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी