गायिका बदलली की पट्टीही बदलते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत सिंफनिक मेटलवर, म्हणजे वाद्यवृंदाची जोड दिलेल्या जड रॉक संगीतावर, लेख आला, आनंद झाला. मराठी वृत्तपत्रात या संगीताला अर्धे पान मिळणे रोजचे नाही. मात्र नाइटविश या बँडच्या ‘डार्क पॅशन प्ले’ या अल्बमचा निकाल लेखकाने एकाच मुद्द्यावर लावला आहे: नव्या गायिकेच्या गळ्यात आधीच्या गायिकेची ताकद नाही. एवढ्यावर अल्बम नापास करणे पटत नाही. गायिका बदलली की पट्टी, गिटारच्या तारा, वाद्यवृंदाची मांडणी आणि मिक्सिंग, सगळेच हलते. पुण्यातल्या महाविद्यालयीन बँडची गायिका तर शिक्षण संपले की जातेच, म्हणून हे जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी प्रसंग. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये हेलसिंकीतला कार्यक्रम आटोपल्यावर या फिनिश बँडने खुले पत्र देऊन गायिका तार्या तुरुनेन यांना दूर केले. त्यांचा गळा पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीत घडलेला. 2007 मध्ये त्यांच्या जागी स्वीडनच्या अनेट ओल्सन आल्या, त्यांचा बाज पॉप-रॉकचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अल्बम बाजारात आला. पहिलेच गाणे जवळजवळ चौदा मिनिटांचे आणि त्यातला काही भाग लहान मुलाच्या आवाजात आहे. बेस वाजवणाऱ्या मार्को हिएताला यांच्याकडेही गाण्याचा मोठा वाटा आहे. वाद्यवृंदाचे संयोजन पिप विल्यम्स यांचे, ध्वनिमुद्रण लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतले. म्हणजे नव्या गायिकेभोवती भार वाटून दिलेला आहे. संगीतकार तुओमास होलोपाइनेन यांचा हा निर्णय लेखात निसटला.

‘ताकद’ म्हणजे काय, हेही पाहायला हवे. शास्त्रीय तालमीत आवाजाचे अनुनाद असे घडवले जातात की वाद्यवृंदाच्या वरही तो माइकशिवाय ऐकू जावा. फार उंच स्वरांवर सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच गळ्याची गायिका, तोंड मोठे उघडून पहिला अनुनाद थेट मूळ स्वराशी जुळवते. त्याने आवाज भरतो, पण साधारण 700 हर्ट्झच्या वर आ, ए, ई हे उच्चार एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात आणि शब्द जातात. पॉप पद्धतीत बोलण्याच्या जवळचा आवाज माइकवर विसंबून गायला जातो, शब्द स्वच्छ राहतात आणि कुजबुजही चालते. पहिल्या पद्धतीत लांब, थांबणाऱ्या स्वरांच्या चाली खुलतात आणि दुसरीत शब्दबहुल. या अल्बमकडे तसे पाहिले तर चाली नव्या गळ्याला धरूनच आहेत. जुनी गाणी नव्या गायिकेने मंचावर गायली तेव्हा ओढाताण झाली, ते वेगळे.

आता पट्टी. संगीत नाटकात नट बदलला तर ऑर्गनवाला काळी एकऐवजी पांढरी दोन धरतो आणि पद पुढे सरकते. मेटलमध्ये हे इतके स्वस्तात होत नाही. समजा जुन्या गाण्याचा सर्वांत उंच स्वर 880 हर्ट्झचा आहे आणि नवी गायिका भरल्या आवाजात 587 पर्यंतच सुखाने जाते. फरक सात अर्धस्वरांचा (पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्यांचा) झाला. सगळे गाणे सात अर्धस्वर खाली आणले तर कडव्याची सुरुवात गळ्याच्या तळाला जाते, तिथे पुटपुटणेच उरते. म्हणून गाणे दोन किंवा तीन अर्धस्वर खाली घ्यावे आणि शिखरावरच्या ओळीची चाल नव्याने बांधावी. वरची मूळ ओळ कोरसला किंवा व्हायोलिनला द्यावी. संपूर्ण ओळ एक सप्तक खाली गाणे हा आळशी उपाय आहे. त्याने गाण्याची धार जाते आणि दोष गायिकेच्या माथी येतो.

पट्टी दोन अर्धस्वर खाली गेली की गिटारवाल्याला बोटे नुसती सरकवून भागत नाही, कारण मेटलमधले बहुतेक तुकडे सर्वांत जाड तार मोकळी ठेवून, तळहाताने दाबत वाजवायचे असतात. गिटारच खाली लावावी लागते. 10-46 चा तारांचा सेट (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ई या नेहमीच्या लावणीत ठीक, पण तोच चार अर्धस्वर खाली सीपर्यंत उतरवला की तारा ढिल्या पडतात, जोरात मारल्यावर स्वर क्षणभर चढतो आणि फ्रेटवर खडखडाट होतो. तिथे 11-56 किंवा 12-60 चा सेट हवा. तारांची जाडी बदलली की मानेचा ताण बदलतो. आधी ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव-पाव फेऱ्यांनी जुळवा, मग बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर येतो का ते तपासा. तरंगता ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेली, तारा अडकवायची पट्टी) असेल तर मागच्या स्प्रिंगही पुन्हा तोलाव्या लागतात. हे काम कार्यक्रमाच्या दिवशी करू नये, निदान दोन दिवस गिटार तशीच राहू द्यावी. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड आधीच फुगलेले असते, तेव्हा तर नक्कीच नाही. जुनी-नवी दोन्ही पट्ट्यांची गाणी एकाच कार्यक्रमात असतील तर दोन गिटार न्या.

खरा घोळ होतो तो वाद्यवृंदाच्या ट्रॅकमध्ये. ट्रॅक मिडी स्वरूपात, म्हणजे ध्वनीऐवजी स्वरांच्या क्रमांकांत नोंदलेला, असेल तर सगळे निवडून दोन अर्धस्वर खाली ओढण्याचा मोह होतो. तालवाद्यांची ओळही त्यात ओढली गेली की सर्वसाधारण मिडी मांडणीत 38 क्रमांकावरचा स्नेअर 36 वर येतो आणि तिथे बेस ड्रम बसलेला असतो. स्नेअरच्या प्रत्येक ठोक्याच्या जागी ढम्म! तालवाद्ये आधी वगळा. व्हायोलिनच्या सँपलमध्ये (खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रित स्वरांच्या संचात) वादनपद्धत बदलणारे की-स्विच बहुधा कीबोर्डच्या तळाच्या पट्ट्यांवर असतात. तेही खाली सरकले तर लांब गज चालायच्या जागी अचानक बोटांनी छेडलेले स्वर येतात. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर 196 हर्ट्झचा जी. ओळ त्याखाली गेली की प्रामाणिक सँपल गप्प बसतो, कुठलाही इशारा मिळत नाही. तेवढे स्वर व्हायोलाला, व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीला, द्या, ती सीपर्यंत, म्हणजे 131 हर्ट्झपर्यंत जाते.

ट्रॅक तयार ऑडिओ असेल तर दोन अर्धस्वरांपर्यंत सॉफ्टवेअरने खाली आणणे चालते. त्यापुढे कोरस राक्षसांचा वाटू लागतो आणि झांजांचा चुरा ऐकू येतो. पट्टी बदलताना लय कायम ठेवण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा, नाहीतर दर अर्धस्वरामागे वेग सुमारे 6 टक्के पडतो आणि 120 ची लय 113 वर येते. ड्रमरला क्लिक (लय धरायची टिकटिक) देण्याची स्वस्त रीत सर्वांना माहीत आहे: लॅपटॉपच्या डाव्या चॅनेलवर क्लिक, उजव्यावर वाद्यवृंद. पण दोन्ही चॅनेल एकाच मोनो वायरीत गेले तर टिकटिक थेट प्रेक्षकांत जाते. दोन डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) वापरा, वायरींवर चिकटपट्टी लावून नावे लिहा आणि क्लिकचा चॅनेल मुख्य स्पीकरला गेलेला नाही हे साउंडवाल्याकडून स्वतः बघून घ्या.

मिक्सिंगमध्ये भांडण असते 2500 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात. आवाजाची स्पष्टता तिथेच आणि गिटारच्या डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाडलेल्या आवाजाची) करवतही तिथेच. शास्त्रीय गळा त्यातून वाट काढतो. पॉप गळ्याला वाट करून द्यावी लागते: गायिका गात असेल तेवढ्याच वेळी गिटार त्या पट्ट्यात 2 ते 3 डेसिबल खाली, तिच्या सप्तकात वाजणारी व्हायोलिन एक सप्तक वर किंवा सरळ गप्प. आवाजाचा 100 हर्ट्झखालचा भाग कापून टाकला तरी काही बिघडत नाही. तिचा चॅनेल नुसता वाढवत नेला तर मंचावर आधी शिट्टी वाजते. माइकचे अंतरही बदलते. पॉप गायिका ओठांपासून 3 ते 5 सेंटीमीटरवर माइक धरते. शास्त्रीय गळ्याची गायिका त्याच अंतरावर उंच स्वर लावेल तर आवाज फाटतो, तिने तिथे 20 सेंटीमीटरपर्यंत मागे जावे. जुन्या गायिकेसाठी लावलेला कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारे यंत्र) तसाच ठेवून नवीला गायला लावणे ही आपल्याकडची नेहमीची चूक.

उलटा प्रकारही घडतो. ‘एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्युटिफुल’ हा 2015 चा अल्बम नेदरलँड्सच्या फ्लोर यान्सन यांच्यासह केलेला. ऑपेराची धाटणी, रॉकचा खणखणीतपणा आणि गुरगुरणे, तिन्ही त्या सहज करतात. पण आमच्या मते तिथे त्यांच्याकडून बरेचसे मधल्या पट्टीतच गाऊन घेतले आहे आणि 24 मिनिटांचे शेवटचे गाणे सोडल्यास त्यांची झेप कमीच दिसते. तिथे गळा कमी पडला असे कोणी म्हणणार नाही, लेखन आखडते झाले. हा अल्बमही लेखकाने त्याच मोजपट्टीने तपासला असता तर बरे झाले असते. आणि दोन्ही अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नये, तिथे चेलो आणि बेस जवळजवळ नसतातच. हेडफोन लावावा, दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, मग तुलना करावी.

जाता जाता एक दुरुस्ती. यान्सन 2013 मध्ये बँडमध्ये आल्या असे लेखात छापले आहे. त्या वर्षी त्या कायम सदस्य झाल्या. मंचावर त्या 2012 च्या ऑक्टोबरमध्येच उभ्या राहिल्या होत्या, अमेरिकेचा दौरा चालू असताना बँड आणि अनेट ओल्सन वेगळे झाले तेव्हा.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि वाद्यवृंद-संयोजन करणारे काही वाचक,
कोथरूड, पुणे